सत्काराची दोन मिनिटं

सारिकाला बघायला रासकर मंडळी केडगावला गेली होती. पोहे झाले, चहा झाला, आणि मग रीतीप्रमाणं मुलाच्या आईनं, साखरबाईनं विचारलं, "सैपाक येतो का गं?"

पोरीनं खाली मान घालून सांगितलं, "येतो." आणि लगेच मान वर करून पुढचंही सांगून टाकलं, "आन् पाच हजार मीटर पळता येतं. अठरा मिनिटांत."

पोरीच्या आईनं कपाळाला हात लावला. बाप छताचे पत्रे मोजायला लागला. एवढं चांगलं स्थळ, कोरेगाव भीमाजवळच्या कारखान्यात कामाला असलेला मुलगा, बागायती फुलशेती, आणि ही बया तोंडानं घालवतेय! नवरा मुलगा सुदर्शन बिचारा बशीतल्या पोह्यांकडंच बघत बसला. साखरबाई मात्र विचारात पडली. पाच हजार मीटर म्हणजे पाच किलोमीटर. त्यांच्या वस्तीपासून वडगाव रासाईचा फाटा बरोबर तेवढाच लांब.

"म्हंजी वस्तीवरनं फाट्याला तू अठरा मिनिटांत जाशील?"

"जाईन की."

"चालत जायाला मला तास लागतो बाई," साखरबाई म्हणाली. "घ्या ओ ठरवून. आपला फुलांचा टेम्पो आता कवाच चुकायचा न्हाई."

सगळे खो खो हसले आणि लग्न ठरलं. आता एवढ्यावरून कुणी लग्न ठरवतं का, असं तुम्ही म्हणाल. पण साखरबाईचं सगळंच तसलं. नवरा लवकर गेला, तेव्हापासून शेवंती, झेंडू, अ‍ॅस्टर सगळं तिनं एकटीनं केलेलं. मनात आलं की करून मोकळी व्हायची, आणि मागाहून कुणी विचारलं तर म्हणायची, "चुकलं आसंल तर चुकलं. तुझ्या घरी रडायला येत न्हाई मी."

लग्नानंतर सारिका फुलं तोडायला शिकली. वर्षभरात वैष्णवी झाली. पळणं मागं पडलं, त्याबद्दल ती कधी अवाक्षर बोलली नाही. पण पाण्याची मोटर बंद करायला सांगितली तरी ही पळत जायची आणि पळत यायची. वैष्णवी दोन वर्षांची झाल्यावर एक दिवस ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आत्या, मी पहाटचं कालव्याच्या रस्त्यानं पळू का?"

"पळ की. कुणी बांधून घातलंय?"

"लोक बोलतील. एकटी बाई अंधाराचं..."

"मी येते संगट. मोरीवर बसते. सासू संगट आसल्यावर काय डोंबल बोलतील?"

आणि झालं सुरू. पहाटे पाचला दोघी निघायच्या. साखरबाई डोक्याला शाल गुंडाळून कालव्याच्या मोरीवर बसायची आणि सून पंपहाऊसपर्यंत पळून परत यायची, पुन्हा जायची, पुन्हा यायची. पहिल्या महिन्यात गावानं तोंडात बोटं घातली. दुसऱ्या महिन्यात पहाटे दूध घालायला जाणारी मंडळी मोरीपाशी थांबून विचारायला लागली, "किती झालं आज?" तिसऱ्या महिन्यात कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं.

शिरूरच्या मैदानावर पोरापोरींना पळायला शिकवणारे एक सर होते. सारिका त्यांच्याकडं जायला लागली. त्यांनी एक घड्याळ दिलं, दाबलं की पळतं आणि दाबलं की थांबतं असलं. साखरबाई शाळेची पायरी चढलेली नाही, पण फुलांच्या वजनकाट्यावर आयुष्य गेल्यामुळं आकडे तिला पाठ. घड्याळ तिच्याकडंच आलं. सर लांब शिरूरला आणि पोरगी इथं कालव्यावर, तेव्हा मोजणार कोण? सासू.

अशी मोजणारी सगळ्या महाराष्ट्रात दुसरी नसेल. किलोमीटर संपला की मोरीवरून ओरडायची, "तीन अठ्ठावन्न! बरं हाय!" आणि चार मिनिटांच्या वर गेलं की मग काय विचारता. "चार आठ? आगं, आळी चावली का तुझ्या पायाला? म्हस बरी पळती!" सारिका हसता हसता पुढचा किलोमीटर तीन पंचावन्नात काढायची. सर म्हणायचे, "मावशी, तुमच्या शिव्यांना आमच्याकडं औषध नाही."

नऊ वर्षं गेली अशी. आधी सारिका तालुक्यात पहिली आली, मग पुण्यात, मग राज्यात. दहा किलोमीटरवरून एकवीसवर आली, आणि शेवटी बेचाळीसवर. बेचाळीस किलोमीटर पळायचं म्हणजे वस्तीवरून फाट्याला चार वेळा जाऊन चार वेळा परत यायचं आणि वर उरलेले दोन. मुंबई, दिल्ली, कोलकाता, बंगळूर, एकदा तर काठमांडू. एका कंपनीनं बूट द्यायला सुरुवात केली, दुसरीनं महिन्याचा खुराक बांधून दिला. पळणं हाच तिचा धंदा झाला. कुणी विचारलं, "सूनबाई काय करतात?" तर साखरबाई सांगायची, "पळती." विचारणाऱ्याचा चेहरा बदलला की पुढं जोडायची, "घर सोडून न्हाई रं बाबा. घर सांभाळून."

तरी खरं सांगायचं तर घर सांभाळायची ती साखरबाईच. सारिका शर्यतीला गेली की आठ-आठ दिवस, सरावाच्या शिबिराला गेली की महिना-महिना. सुदर्शनची शिफ्ट. वैष्णवीचा डबा, शाळा, ताप, फुलांची तोड, मजूर बायका, सगळं म्हातारीच्या अंगावर. गुडघे कुरकुरायला लागले होते. पण तिनं कधी नाव काढलं नाही.

आणि गावाचं काय? गावाला सारिकाचा अभिमान होता, पण त्यांनी तिला शर्यतीत पळताना कधी बघितलंच नव्हतं. शर्यती व्हायच्या लांब. गावाच्या वाट्याला यायचा तो सत्कार. ती काहीही जिंकून आली की सरपंच पोपटराव ग्रामपंचायतीपुढं मंडप टाकायचे आणि शाल, श्रीफळ, हार, फेटा, भाषण असा सगळा थाट करायचे. रासकरांच्या घरात एकतीस शाली झाल्या होत्या. त्यातल्या सहा मजूर बायकांना वाटल्या, दोन शेजारच्या बाळंतिणींना गेल्या आणि एक मोटारीच्या पेटीवर पावसाळ्यात टाकायला होती. नारळाची चटणी खाऊन वैष्णवी कंटाळली होती. गावाच्या हिशेबी पळणं म्हणजे सत्काराच्या आधी कुठंतरी करून यायची एक गोष्ट.

साखरबाईनंही सुनेला खऱ्या शर्यतीत कधी पाहिलं नव्हतं. मोबाइलवर बघायची, पण त्यात मुंगीएवढी बाई दिसायची, आणि ती आपली आहे की दुसऱ्याची हेच कळायचं नाही. मोरीवरची सारिका तिला ठाऊक होती. चार माणसांच्या पुढं पळणारी सारिका कशी दिसते, हे एकदा डोळ्यांनी बघायचं तिच्या फार मनात होतं.

आणि या जानेवारीत तो योग आला. मोठी मॅरेथॉन, आणि तीही आपल्याच रस्त्यानं! दौंड तालुक्यातल्या केडगावहून सुटायची, भीमेचा पूल ओलांडून वडगावच्या फाट्यावरून, न्हावऱ्यावरून शिरूरच्या मार्केट यार्डात संपायची. रस्ता रीतसर मोजलेला, वर साहेबांचा सही-शिक्का. तेवढ्या वेळापुरते उसाचे ट्रॅक्टर थांबवायचं ठरलं.

सारिकासाठी ही नुसती शर्यत नव्हती. बंगळूरला देशाचं शिबिर होतं, दहा महिन्यांचं. तिथून पुढं परदेशातल्या मोठ्या शर्यतींचा रस्ता. शिबिरात यायचं तर बेचाळीस किलोमीटर दोन तास पंचेचाळीस मिनिटांच्या आत पळून दाखवायचं, एवढीच अट. सारिकाचं आजवरचं सगळ्यात चांगलं होतं दोन तास सेहेचाळीस मिनिटं एकोणतीस सेकंद. वय तेहतीस.

"आत्या," ती निघायच्या आधी म्हणाली, "ह्या येळंला जमलं तर जमलं. न्हाई जमलं तर बूट ठिवून देते. फुलं तोडू दोघी मिळून."

"जमंल," साखरबाई म्हणाली. पण आकडा डोक्यातून जाईना. दहा महिने. मागच्या खेपेला महिनाभर गेली होती, तर साखरबाईला दोनदा सलाइन लावायला लागलं होतं आणि तिनं ते वैष्णवीशिवाय कुणाला कळू दिलं नव्हतं. जमलं तर सून जाणार. नाही जमलं तर घरी येणार, कायमची. आता यात देवाला मागायचं काय, हेच म्हातारीला कळेना. म्हणून तिनं देवाला काही मागितलंच नाही.

शर्यतीच्या आधी दोन दिवस सारिका केडगावला माहेरी जाऊन राहिली. सरांनी तिचा मोबाइल काढून घेतला. डोकं शांत राहिलं पाहिजे म्हणे.

त्याच दिवशी पोपटराव सहज आल्यासारखे फुलांच्या वावराच्या बांधावर येऊन उभे राहिले. "काय वहिनी, कितीला यील आपली सारिका फाट्यावर?"

साखरबाईला असलं कुणी विचारलं की तिची कळी खुलायची. "साडेसहाला सुटनार. फाटा सतरा किलोमीटरवर. तीन चोपन्ननं धरली तर सात छत्तीस."

"सात छत्तीस? आगदी छत्तीस?"

"आप्पा, माझी सून हाय ती, एसटी न्हाई."

पोपटराव हसत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी साखरबाई फुलांच्या जाळ्या घेऊन फाट्यावर गेली, आणि तिथं वीस फुटी फ्लेक्स बघून जागच्या जागी थांबली. नात वैष्णवी बरोबर होती, तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं: "सौ. सारिका सुदर्शन रासकर यांचा भव्य नागरी सत्कार. स्थळ, वडगाव फाटा. वेळ, सकाळी सात वाजून छत्तीस मिनिटे."

"आत्ता गं बया!" साखरबाई म्हणाली.

ती तशीच पोपटरावांच्या दारात गेली. "आप्पा, ह्ये काय लावलंय? ती शर्यतीत पळत आसनार. तिला थांबवता का काय?"

"दोन मिनिटं ओ वहिनी! फकस्त दोन मिनिटं." पोपटरावांना खरंच आश्चर्य वाटलं. "हार घातला, फेटा बांधला, पाच सवाशिणींनी ओवाळलं, की जाऊ द्या तिला पळत. आपल्या गावची लेक-सून आपल्या दारावरनं जाती आन् आपण काय खिडकीतनं बघायचं? समदा तालुका तोंडात शेण घालील. आन् साखर कारखान्याच्या संचालकांना मी शब्द दिलाय, ते येणारेत."

"शिरूरला करा की सत्कार. पळून झाल्यावर."

"शिरूरला शिरूरवाले करतील. मान आपला हाय. आन् रीत काय बी आसू दे, पहिलं तुमीच ओवाळायचं. तुमच्या हातचं तबक बगितल्यावर ती थांबल्याबिगर ऱ्हाती व्हय?"

हे मात्र खरं होतं. तोच तर घोर होता. दुसऱ्या कुणी हात आडवा केला असता तर सारिका वळसा घालून गेली असती. पण सासू रस्त्यात तबक घेऊन उभी आहे आणि ही पुढून पळून गेली, असं या जन्मात झालं नसतं. थांबली असती, वाकून पाया पडली असती, फेटा बांधून घेतला असता. आणि मग सगळं संपलं असतं.

पोपटरावांचा राग तरी कसा करायचा? माणूस प्रेमानंच करत होता. त्यांच्या दोन मिनिटांना काही किंमतच नव्हती. गावात दोन मिनिटं म्हणजे तंबाखू मळायची वेळ.

संध्याकाळी सुदर्शन शिफ्टवरून आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ पायातले बूट काढत बसला. मग खाली बघतच म्हणाला, "आई, जाऊ दे की. गावाचं मन मोडून काय करायचंय? आन् तुला सांगू का... आली घरी तर बरंच हाय. तुझे गुडघे बघ. वैष्णवीचं बघ. आपण काय कुणाचं वाईट करतोय का? आपण काहीच करायचं न्हाई."

साखरबाईनं तवा चुलीवर ठेवला. पोरगा चुकीचं काय बोलला? काहीच करायचं नव्हतं. सकाळी नवं लुगडं नेसायचं, तबक घेऊन उभं राहायचं, आणि सून घरी. कुणी म्हणून कुणी तिला नावं ठेवली नसती. सारिकाला सुद्धा कधी कळलं नसतं. ती भाकरी भाजत राहिली आणि तिच्या एक गोष्ट ध्यानात आली, की मला हे हवंय. मला ती घरी हवीये. तेव्हा मात्र तिला स्वतःचाच राग आला, आणि भाकरी करपली.

सकाळी सातला फाट्यावर जत्रा. हलगी, पोरं, बाया, रस्त्याकडेला ट्रॅक्टरची ट्रॉली उभी करून तिच्यावर सतरंजी, खुर्च्या, माइक. हार तर माणसाच्या उंचीचा, आणि फुलं कुठली, तर रासकरांच्याच वावरातली शेवंती. संचालक अर्थातच अजून आले नव्हते. सुदर्शन शर्यत जिथं संपायची त्या शिरूरला गेला होता. पाच सवाशिणी भर रस्त्यात ओळीनं उभ्या, तबकात निरांजनं, वारा लागू नये म्हणून पदर आडवा धरलेला. सगळे साखरबाईची वाट बघत होते.

ती आली. पण रस्त्यात उभी राहायच्या ऐवजी तरातरा ट्रॉलीवर चढली, तेही गुडघ्यांना शिव्या घालत. पोपटरावांच्या हातातला माइक घेतला. तो आपल्याला हव्या तेवढ्या अंतरावर धरता येईना, तेव्हा तोंडालाच लावला.

"ऐका," ती म्हणाली, आणि सगळा फाटा दचकला. "आप्पा म्हणत्यात, दोन मिनिटं थांबवू. दोन मिनिटं म्हंजी काय, मी सांगते. मी मोजते, मला म्हाईत हाय. चार वर्सांमागं ही बेचाळीस किलोमीटर पळायची दोन तास आठ्ठेचाळीस मिनिटांत. आता पळती सेहेचाळीस मिनिटांत. दोन मिनिटं कमी झाली. किती वर्सं लागली? चार! चार वर्सं पहाटं पाचला उठलीया. कुणाच्या लग्नात जिलबी खाल्ली न्हाई. ह्या पोरीला ताप होता तवा ही दिल्लीत पळत होती, आन् पळून झाल्यावर रस्त्याच्या कडंला बसून रडली. ही आसली दोन मिनिटं हायेत, आप्पा. तुमी ती हारात घालून बसाल."

हलगी थांबली. पोपटरावांचा चेहरा उतरला. त्यांना खरंच माहीत नव्हतं हो. कुणी सांगितलंच नव्हतं कधी.

"आन् थांबली तर ती घरी यील," साखरबाई म्हणाली. "मला बी तेच पायजे. काल सांजंपासनं मला तेच पायजे. पण आसं न्हाई. व्हा बाजूला, बायांनो."

सवाशिणी बाजूला झाल्या. वैष्णवीनं लगेच रांगोळीचा डबा घेतला आणि रस्त्याच्या कडेनं लांबच लांब पांढरी रेघ ओढली. "ह्या रेघेच्या आत कुणीपण पाय टाकायचा नाही," अकरा वर्षांची पोर कमरेवर हात ठेवून म्हणाली, आणि आजीचाच आवाज तिच्या तोंडून आल्यामुळं मोठमोठी माणसं मागं सरकली.

"ते समदं खरं वहिनी," पोपटराव रडवेले होऊन म्हणाले, "पण ह्यो हार? ह्यो फेटा? फेटेवाला शिरूरवरनं आणलाय. आन् ते बगा, संचालकांची गाडी बी आली. आता मी सत्कार करू कुणाचा?"

साखरबाईनं इकडं तिकडं बघितलं. सात अठ्ठावीस झाले होते. माणसं आणि हार दोन्ही मोकळे राहिले तर छत्तीसला काय होईल, हे तिला दिसत होतं. ती मधल्या खुर्चीत बसली.

"माझा करा."

आधी कुणाला काही कळलं नाही. मग एक बाई हसली, मग दुसरी, आणि मग साऱ्या फाट्यानं टाळ्या वाजवल्या. संचालक ट्रॉलीवर चढले, सत्कारमूर्ती कोण आहे याची चौकशी न करता त्यांनी साखरबाईच्या अंगावर शाल पांघरली. श्रीफळ आलं. तो हार गळ्यात पडला आणि म्हातारी नाकापर्यंत शेवंतीत बुडाली. फेटेवाल्यानं कापड झटकलं आणि डोक्याला पहिला वेढा दिला.

तेवढ्यात पुलाच्या अंगानं आरोळी आली. "आली! आली!"

सगळा गाव रेघेवर धावला. खुर्च्या रिकाम्या झाल्या. पोपटरावांनीही उठून टुणकन उडी मारायचा पवित्रा घेतला, अंगातच होतं ते, हातात दुसरा एक लहान हारही होता. साखरबाईनं त्यांचं मनगट धरलं. "आप्पा, आर्धा फेटा टाकून कुठं निगाला? बसा गप. पाव्हणे, तुमी बी बसा." आणि फेटेवाल्याला म्हणाली, "तू बांध रं."

फेटेवाला घाबरून भराभर बांधत सुटला आणि त्याच्या गडबडीत एक वेढा तिच्या डोळ्यांवरून गेला. समोर नुसता भगवा रंग. तिला तो वर सारता आला असता, पण एका हातात पोपटराव होते आणि दुसऱ्या हातात संचालकांनी दिलेला नारळ. हलगीवाला सुद्धा सारिकाला बघायला रेघेवर गेला होता, बाकीचे बघण्यात गुंग झाले, त्यामुळं गलका अचानक थांबला आणि तिला पावलं ऐकू आली. टप टप टप टप. ती पावलं तिला झोपेतसुद्धा ओळखता आली असती. नऊ वर्षं ऐकली होती. तीन चोपन्न, ती मनात म्हणाली. नाही, तीन त्रेपन्न. पावलं जवळ आली, समोरून गेली, न्हावऱ्याकडं लांब झाली. कुठंही थांबली नाहीत.

फेटा सोडवून तिनं बघितलं तेव्हा रस्ता मोकळा होता आणि वैष्णवी रेघेवर उड्या मारत होती.

"आजी, बघितलंस का? मम्मी कसली भारी दिसत होती!"

"न्हाई गं," साखरबाई म्हणाली. तिला फार वाईट वाटलं, अगदी लहान पोरीसारखं वाटलं, आणि ते तिनं लपवलं नाही. "माझं ऱ्हायलं बघायचं."

सव्वानऊपर्यंत फाट्यावरून कुणी हललं नाही. चहा झाला, पुन्हा झाला. पोपटराव घड्याळात बघून येरझाऱ्या घालत होते, तेही आता सेकंदांत बोलायला लागले होते. नऊ वाजून वीस मिनिटांनी वैष्णवीच्या हातातला मोबाइल वाजला. सुदर्शनचा फोन. तो आधी नुसता ओरडतच होता. मग म्हणाला, "दोन चव्वेचाळीस बावन्न! आई, दोन चव्वेचाळीस बावन्न!"

फाटा नाचायला लागला. हलगी कडाडली. पोपटराव मात्र ट्रॉलीच्या कडेला मटकन बसले. "आठ सेकंद," ते म्हणाले. "वहिनी, आठ सेकंदांनी झालं. आन् मी दोन मिनिटं मागत व्हतो." त्यांनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले. फेटा साखरबाईचा होता, ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

मग फोनवर सारिका आली. दम अजून बसला नव्हता. "आत्या, तुमी कुठं व्हता? फाट्यावर समदीकडं बगत गेले. समदं गाव दिसलं, तुमी दिसल्या न्हाई."

"आगं, माझा सत्कार चालला व्हता."

"काय?"

"माझा सत्कार. शाल घातली. तुला घरी आल्यावर सांगते."

सारिका एवढी हसली की तिला ठसका लागला. मग हसणं थांबलं. पलीकडं कुणीतरी माइकवर नावं पुकारत होतं.

"आत्या, मंगळवारी निगायचं म्हणत्यात सर. धा महिने." आणि हळू आवाजात म्हणाली, "तुमचे गुडघे... मला दिसतं समदं, आत्या. सलाइनचं बी वैष्णवीनं सांगितलंय मला. तुमी नको म्हणला तर न्हाई जात मी. खरंच न्हाई जात. सांगा, जाऊ का?"

साखरबाईनं फोन दोन्ही हातांनी कानाला घट्ट धरला. समोर सगळा गाव नाचत होता. तिच्या तोंडात शब्द येऊन थांबला होता, आणि तो कुठला हे तिला पक्कं ठाऊक होतं. डोळ्यांतून पाणी शेवंतीच्या हारावर टपटपायला लागलं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"सारिका," ती म्हणाली, "मला इचारू नको. इचारलंस तर मी ऱ्हा म्हणंन. माझ्या तोंडातनं दुसरं काय निगायचं न्हाई. म्हणून न इचारता जा. आयकतीस का? न इचारता जा, बाय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग सारिका म्हणाली, "बरं."

मंगळवारी सकाळी सुदर्शन तिला सोडायला निघाला. निघताना सारिका सासूच्या पाया पडली, गळ्यात पडली, दोघी पोटभर रडल्या. पण विचारलं मात्र तिनं काहीच नाही.